केसोबाचे रंधे

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांची पोटं भरली आणि मग छंदांची साथ आली. माकडं घरी पाव भाजू लागली. केसोबा अस्वलाला सुतारकामाचा नाद लागला.

त्याच्या बायकोला, सगुणाला, दिवस गेले होते. गुहेची जमीन गार, ओलसर. ती म्हणाली, "अहो, पिल्लू यायच्या आत एक पाळणा करा बरं का."

"पाळणाच ना? करतो की," केसोबा म्हणाला. "पण आधी लाकूड गुळगुळीत करायला रंधा हवा. तोही जुना. हल्लीच्या पात्यांत दम नाही."

तो जुन्या बाजारात गेला आणि भंगाराच्या ढिगात डोकं खुपसून बसला. एक गंजका रंधा मिळाला. त्याने तो घासला, तेल दिलं, पात्याला अशी धार लावली की हातावरचे केस उडाले. मग त्याच्या लक्षात आलं, कडांना वेगळा रंधा लागतो. खोबणीला आणखी वेगळा. तेही आणले. पुढे तर रंध्यांना सोबत म्हणून रंधे आणले. पाळण्यासाठी आणलेल्या फळ्या तशाच खडबडीत भिंतीवर ठोकल्या, कारण रंधे ठेवायला जागा हवी होती.

लांबलांबचे शौकीन गुहेत येत. रंध्याची मूठ कुरवाळत आणि उसासे टाकत. त्यांचा चहा सगुणा करी.

दिवस भरत आले तशी ती साळबा साळिंदराकडे गेली. जंगलात सुतार तो एकटाच.

"साळबाभाऊ, तुम्हीच द्या पाळणा करून."

"कशानं करू, वहिनी? आजोबांचा रंधा होता, तो तुमच्याच साहेबांनी नेला. नको नको म्हणत होतो तरी नेला. आता मी त्यांच्यासाठीच रंधे शोधतो. बरं आहे, घाम येत नाही."

सगुणा तरातरा घरी आली. "त्यातला एक रंधा द्या काढून. साळबाभाऊ पाळणा करतील."

केसोबा दचकला. "अगं, लाकडावर घासायचा? खराब होईल ना तो!"

पिल्लू जन्मलं ते ऐन गारठ्यात. ओल्या जमिनीवर कुडकुडू लागलं. फळ्यांवर रंधे लोकरीच्या दुलयांत गुरफटून बसले होते.

"अहो, एक दुलई तरी द्या!" सगुणा रडत म्हणाली.

केसोबाने दुलया आणखी घट्ट केल्या. "असं काय करतेस? पिल्लाला का गंज चढणार आहे?"

तात्पर्य: पिल्लू काय, कुठेही वाढतं. जुना रंधा मात्र जिवापाड जपावा. उद्या पाळणा करायचा झाला, तर?