भालेरावांची हिरवी पट्टी

'यायलोच' हे आमच्या मराठवाड्यातलं सगळ्यात बेभरवशाचं वाक्य. ते बोलणारा माणूस बहुतेक वेळा अजून अंथरुणात असतो. आपण सगळे हे जाणतो आणि सोडून देतो. भालेराव सोडून देत नाहीत. त्यांना कुणी फोनवर 'यायलोच' म्हणालं, की ते थंडपणे विचारतात, "कुठवर आलं?"

"हे काय, निघालोच."

"निघालो म्हंजे किती? चप्पल घातली का? घातली आसंल तर पाच टक्के धरतो."

आमच्या ऑफिसखालच्या टपरीवाल्याला तर त्यांनी इतकं वळण लावलंय, की जिन्यावर भालेरावांचा पाय वाजला की तो न विचारताच ओरडतो, "सर, उकळी आली, सत्तर! गाळला की शंभर!" मग भालेराव समाधानानं बाकड्यावर बसतात. चहा साधाच असतो. पण तो कुठवर आलाय हे कळलं, की त्यांना तो गोड लागतो.

लातूरला एका किराणा दुकानाच्या वर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. मालक बिराजदार सर, प्रोग्राम लिहिणारे भालेराव आणि गिऱ्हाइकांचे फोन घेणारी, म्हणजे त्यांच्या शिव्या खाणारी, मी. आडतवाले, खतवाले, शाळा, सगळ्यांकडे आमचं सॉफ्टवेअर. मी लोह्याची, भालेराव उमरीचे. दोघंही नांदेडकडचे म्हणून ते मला हक्कानं 'ताई' म्हणतात आणि हक्कानंच माझा डबा खातात.

ते आमच्याकडे आले तेव्हा मोठं काम लावलं की पडद्यावर नुसतं वाळूचं घड्याळ यायचं. काम चालू आहे की बंद पडलंय, कुणाला पत्ता नाही. मग मला फोन. "मॅडम, कम्प्युटर वारला." एकानं मशीनला चापट मारून पाहिली. दुसऱ्यानं वायर उपटली आणि झालेलं सगळं काम घालवलं. औशाच्या एका आडतवाल्यानं तर उदबत्ती ओवाळली, आणि नेमकं त्याच वेळी काम संपल्यामुळे पुढं वर्षभर तो ओवाळतच राहिला.

भालेरावांनी आल्या आल्या प्रत्येक संथ कामाला एक हिरवी पट्टी लावली. डावीकडून उजवीकडं भरत जाणारी, खाली टक्के दाखवणारी. महिन्याभरात माझे फोन निम्म्यावर आले. बिराजदार सर खूश झाले आणि म्हणाले, "म्हणजे काम लवकर व्हायला लागलं."

"न्हाई सर. उलट जरासं उशिरा व्हतं. मशीनला मधी मधी थांबून पट्टी रंगवावी लागती ना."

"मग फायदा काय?"

"माणूस मशीनीला हाणत न्हाई."

ही पट्टी गिऱ्हाइकांच्या इतकी अंगवळणी पडली, की विचारू नका. एक आडतवाले वर्षअखेरीचा हिशेब लावून बायकोपोरांना दुकानात बोलावून घेत आणि सगळं कुटुंब पट्टी बघत बसे. नव्व्याण्णव झालं की नारळ हातात. पुढं त्यांनी नवा, वेगवान कम्प्युटर घेतला आणि तिसऱ्याच दिवशी माझ्याकडं तक्रार. "मॅडम, पट्टी लई पळायली. नारळ आणेस्तोवर संपती."

एकदा बिराजदार सरांनीच सुचवलं, की पट्टी सुरुवातीला जरा भरभर पळवा, मग काय व्हायचं ते होऊ द्या, गिऱ्हाईक खूश. भालेरावांचा चेहरा असा झाला, जणू कुणी दुधात पाणी घालायला सांगितलंय. "सर, काम आधी मोजायचं आन् मग टक्का सांगायचा. ज्याचं मोजमाप न्हाई त्याला मी पट्टी लावत न्हाई. आन् पट्टी मागं येत न्हाई, उड्या मारत न्हाई. खोट्या पट्टीपरीस वाळूचं घड्याळ बरं. ते निदान काही कबूल तरी करत न्हाई." एवढं बोलून ते डबा घेऊन घरी गेले. दुपारी सर स्वतः स्कूटरवर जाऊन त्यांना घेऊन आले.

हे खूळ ऑफिसपुरतं असतं तर मी एवढं लिहिलंही नसतं. त्या साली पाण्यानं लातूरला पार रडवलं होतं. भालेरावांच्या नि माझ्या गल्लीत टँकर आला की घागरींची रांग आणि रांगेबरोबर भांडणं. भालेराव टँकरला कान लावून बोटाच्या पेरानं ठोकत वरून खाली यायचे. आवाज बदलला की तिथं खडूची रेघ. "निम्मं आलं! जनाबाई, तुमच्यापर्यंत पुरतंय. त्याच्या मागच्यांनी घरी जाऊन सैपाकाला लागा, दुसऱ्या टँकरला या." बायका निमूट जायच्या. भांडणं थांबली. त्यांच्या स्वतःच्या घागरी बहुतेकदा रेघेच्या मागंच असायच्या. मग आमच्याकडून एक कळशी भरून न्यायचे आणि जाताना ठोकून बघायचे.

आता त्यांच्या जिवाला लागलेली गोष्ट सांगते. त्यांची बायको, सुनंदा वहिनी, तिकडं नांदेड जिल्ह्यात, भोकर तालुक्यातल्या एका वाडीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. भालेरावांची आई अंथरुणाला खिळलेली, तिचा डॉक्टर लातूरचा, म्हणून हे इकडं. नवराबायकोला एका जिल्ह्यात आणण्यासाठी बदलीची सोय असते. वहिनींनी अर्ज करून काही वर्षं झाली होती. भालेराव रोज सकाळी आल्या आल्या आधी ते सरकारी पान उघडायचे. पानावर एकच ओळ: आपला अर्ज प्रक्रियेत आहे.

"प्रक्रियेत म्हंजे कुठवर आलं?" ते पडद्याला विचारायचे. "टेबलावर हाय का कपाटात? आरं, चप्पल तरी घातली का?"

शेवटी न राहवून त्यांनी त्या खात्याला लिहिलं, की तुमच्या पानाला पट्टी लावून देतो, फुकट देतो, माझं नावही टाकू नका. पंधरवड्यानं उत्तर आलं. आपला अर्ज प्रक्रियेत आहे.

मी इतकी हसले, की मला पाणी प्यावं लागलं, आणि त्या दिवसांत तर पाणी उगाच कुणी पीत नव्हतं. भालेरावही हसले. पण दिवसभर त्यांनी कुणाला काही कुठवर आलं म्हणून विचारलं नाही.

संध्याकाळी ऑफिस सुटलं की ते जिन्यात उभं राहून वहिनींना फोन करायचे. मी कुलूप लावताना मला तेवढंच ऐकू यायचं. "आज एक्क्याण्णव." मग हसणं. दुसऱ्या दिवशी, "ब्याण्णव बरं का." मला वाटायचं, टँकरचं किंवा प्रोग्रामचं काहीतरी सांगत असतील. हा माणूस बायकोशी प्रेमाचं बोलायलाही टक्क्यातच बोलतो, असं मी घरी जाऊन सांगायची.

आणि मग उदगीरचं प्रकरण घडलं.

लातूर तोडून उदगीर वेगळा जिल्हा होणार अशी हवा अधूनमधून उठतेच. त्या उन्हाळ्यात ती जोरात उठली. आमचे एक गिऱ्हाईक म्हणजे खत-बियाणं विकणाऱ्यांची संघटना. तिथले अप्पा उदगीरचे. जिल्हा झाला की नव्या जिल्ह्याच्या संघटनेचं अध्यक्षपद आपलंच, अशी त्यांची खात्री. म्हणून जिल्हा व्हायच्या आधीच त्यांनी सभासदांची सगळी माहिती दोन जिल्ह्यांत वेगळी करून मागितली. माहिती पुष्कळ, त्यांचा कम्प्युटर म्हातारा. काम दिवसभराचं. भालेरावांनी इमानानं पट्टी लावली आणि वर लिहिलं: उदगीर जिल्हा वेगळा होत आहे.

अप्पांनी अडुसष्टाला पट्टीचा फोटो काढला आणि व्हॉट्सॅपवर टाकला.

अर्ध्या तासात तिकडं फटाके वाजायला लागले. पेढ्यांचे फोटो आले. कुणीतरी रिक्षाला भोंगा बांधला. माझ्याकडं फोनांचा पाऊस, त्या वर्षी पडलेला एकमेव. मी घाबरून भालेरावांना सांगितलं, तर ते ताडकन उठले.

"अडुसष्टाला फटाके? आजून बत्तीस टक्के बाकी हाय! एवढी काय घाई?"

"भालेराव, लोकांना वाटतंय खराच जिल्हा झाला!"

"झाला कुठं ताई? अडुसष्टच झाला!"

दुपारनंतर गंमत आणखी वाढली. फोटो तो फोटोच. तो काय हलतोय? संध्याकाळपर्यंत लोकांच्या मोबाईलवर अडुसष्टच. मग फोनांचा सूर बदलला. "मॅडम, दुपारधरनं अडुसष्टलाच हाय. कुणी अडवला आमचा जिल्हा?" "ह्याच्यामागं लातूरवाले हायेत, मालूम हाय आम्हाला." एक जण म्हणाला, उद्या सकाळपर्यंत एकोणसत्तर झालं नाही तर रस्त्यावर उतरू. मी प्रत्येकाला समजावत होते, की हा खतवाल्यांचा जिल्हा आहे, सरकारचा नाही. एकानं विचारलं, "मग खतवाल्यांना मिळाला, आम्हाला कधी?"

या सगळ्यात बिराजदार सर कपाळाला हात लावून बसले होते आणि मी मात्र टेबलाखाली तोंड घालून हसत होते. भालेराव हसत नव्हते. त्यांच्या मोबाईलवर शिक्षकांच्या ग्रुपमधला एक निरोप आला होता. नवा जिल्हा होणार असेल तर जागा वाटल्या जाणार, याद्या नव्यानं होणार, तोवर सगळ्या बदल्या बंद. निरोप कुणी लिहिला ते ठाऊक नव्हतं, पण त्याच्या वर भालेरावांच्याच हिरव्या पट्टीचा फोटो होता.

संध्याकाळी कुलूप लावताना जिन्यात ते बराच वेळ फोन कानाला लावून उभे होते. मग हळू आवाजात म्हणाले, "चाळीस." पलीकडून काय उत्तर आलं कळलं नाही. त्यांनी शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले. मला चमत्कारिक वाटलं. काल ब्याण्णव होतं ना? आणि पट्टी तर मागं येत नाही.

दुसऱ्या दिवशी अफवा खोटी ठरली. पेढे वाटणाऱ्यांनी पेढे भलत्याच कारणासाठी वाटल्याचं सांगितलं. अप्पा काही दिवस फोन बंद ठेवून बसले. बदल्या ना सुरू झाल्या ना बंद. त्या होत्या तिथंच राहिल्या. प्रक्रियेत.

त्याच आठवड्यात शाळांना उन्हाळ्याची सुटी लागली आणि सुनंदा वहिनी थेट एसटी स्टँडवरून ऑफिसात आल्या. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पाण्याचा मोठा कॅन. त्या साली लातूरला येणारे पाहुणे चिवडालाडू आणत नसत, पाणी आणत. भालेराव सरांच्या केबिनमध्ये होते. मी वहिनींना पंख्याखाली बसवलं आणि गप्पा काढायच्या म्हणून विचारलं, "मग, बदलीचं कुठवर आलं?"

"त्रेचाळीस," वहिनी म्हणाल्या.

"त्रेचाळीस काय?"

"टक्के. हे सांगतात ना रोज. ब्याण्णववर नेलं व्हतं. त्या दिवशी जिल्ह्याचं ऐकलं आन् घाबरून एकदम चाळीसवर आणलं. फोनवर रडले. मी म्हणले, चाळीस तर चाळीस, उद्या एक्केचाळीस सांगा."

"पण अफवा तर खोटी निघाली!"

"मी बी तेच म्हणले, आता परत ब्याण्णव करा. तर म्हणाले, न्हाई सुनंदा, पट्टी अशी उड्या मारत न्हाई." आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मलाही आवरेना. दोघी हसता हसता मी मध्येच थांबले. खोटी पट्टी लावायला सांगितली म्हणून डबा उचलून घरी गेलेला माणूस मला आठवला.

"वहिनी, तुम्हाला तो आकडा खरा वाटतो?"

"ताई, मी सातवीला गणित शिकवते," त्या म्हणाल्या. "एकूण किती हेच ठाऊक न्हाई, त्याचा टक्का कसा निघंल? पहिल्या दिवशीच कळलं मला. पण शाळा सुटली की वाडीवर मी एकलीच असते. लई एकलं वाटतं हो. मग ह्यांचा फोन येतो, एक आकडा वाढलेला असतो, आन् चार घास पोटात जातात. त्यांना वाटतं मला खरं वाटतं. वाटू द्या की."

मी उठले आणि उगाच पंखा वाढवला.

तेवढ्यात केबिनचं दार उघडून भालेराव बाहेर आले. बायकोला बघून जागीच थांबले, मग माझ्याकडं बघून लाजले, आणि काय करावं न सुचून त्या कॅनपाशी उकिडवे बसले. कान लावला. बोटाच्या पेरानं वरून खाली ठोकत आले. सवयच ती.

"कुठवर आलं?" वहिनींनी विचारलं.

भोकरपासून इथवर एसटीत पाणी हिंदकळलं होतं. वहिनींच्या साडीचा काठ अजून ओला होता. कॅन वरून चांगला चार बोटं रिकामा होता. मला दिसत होतं, वहिनींना दिसत होतं, आणि भालेरावांना तर ऐकूच आलं असणार.

"शंभर," भालेराव म्हणाले.