वेंकोबाअण्णांच्या विमानातली शिट्टी

वेंकोबाअण्णांना ताप आला की ते एकच उपाय करतात. गोळी घेतली तर काढा घ्यायचा नाही, काढा घेतला तर कपाळावर पट्टी ठेवायची नाही, आणि तेवढ्या काळात त्यांची उशीसुद्धा कुणी बदलायची नाही. "ताप उतरला तर कशानं उतरला हे कळायला नको काय?" असं ते दात वाजत असताना विचारतात. मागच्या थंडीत ते फुल पंख्याखाली कुडकुडत पडले होते. मी पंखा बंद करायला गेले तर ओरडले. ताप यायच्या आधीपासून पंखा चालू होता म्हणे. तो बंद केला की आणखी एक गोष्ट बदलली.

मी त्यांची भाडेकरू. मूळची निपाणीची, नोकरी इलेक्ट्रॉनिक सिटीत, आणि राहायला बनशंकरीत अण्णांच्या वरच्या मजल्यावर. अण्णांचं घराणं मराठी, पण इतक्या पिढ्यांपूर्वी इथं आलेलं की त्यांच्या बोलण्यात कन्नड कुठं सुरू होतं हे त्यांना स्वतःलाही ठाऊक नाही. विमानाच्या कारखान्यात त्यांनी जन्मभर वायरिंगची आणि रेडिओची कामं केली. तिथं एक नियम असतो. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, यंत्र चालवून बघायचं, मगच पुढची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि यंत्र नीट चाललं, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही.

नियम चांगलाच आहे. कारखान्यात. घरात लावला की बाकीच्यांच्या नाकी नऊ येतात.

आमच्या जिन्यातला दिवा लुकलुकायला लागला तेव्हा अण्णांनी आधी बल्ब बदलला आणि आठवडाभर वाट बघितली. मग होल्डर बदलला, पुन्हा वाट बघितली. मग खटका. दरम्यान मी अंधारात दोनदा जिन्यावरून घसरले. मी तक्रार केली तर म्हणाले, "तू चप्पल बदललीस काय? बदलू नको. स्वल्प थांब." एकदा मी वैतागून म्हटलं, ही नोकरी सोडते आणि हे शहरही सोडते. अण्णा खरोखर घाबरले. "दोन्ही एकदम? मग सुखी झालीस तर कशानं झालीस ते कसं कळणार?" मी कपाळाला हात लावला. मी अजून इथंच आहे आणि अजून त्याच नोकरीत आहे, त्यामुळे तो प्रश्न आला नाही.

अण्णांनी निवृत्त झाल्यावर विमान बांधायला घेतलं. थट्टा नाही, खरंखुरं दोन माणसांचं विमान. सुटे भाग खोक्यांतून मागवायचे आणि घरी जोडायचे, असं विमान असतं हे मला त्यांच्यामुळे कळलं. आनेकलच्या पुढे एका ओळखीच्या माणसाच्या शेतात कोंबड्यांची जुनी शेड होती, तिथं ते उभं राहिलं. कोंबड्या जाऊन कितीतरी काळ लोटला होता, पण वास गेला नव्हता, आणि अण्णांनी पॅनल उघडलं की आतून अजून एखादं पीस निघायचं. वायरिंग मात्र अशी देखणी की बघत राहावं. एकेक वायर वेणी घातल्यासारखी बांधलेली, प्रत्येकीला नावाची चिठ्ठी.

हा सगळा खटाटोप पद्माअक्कांसाठी होता. अक्का म्हणजे अण्णांची बायको, माहेर आनेकलचं. तरुणपणी अण्णा फ्लाइंग क्लबात विमान उडवायला शिकले होते, तेव्हा त्यांनी अक्कांना शब्द दिला होता की एक दिवस तुझं गाव तुला वरून दाखवीन. आता विमान तयार होतं, इंजिन चालत होतं, परवान्यांचंही जमत आलं होतं. अडलं होतं ते एका शिट्टीपाशी.

असल्या विमानात इंजिनाचा आवाज इतका असतो की शेजारच्या माणसाशीसुद्धा हेडफोनातून बोलावं लागतं. अण्णा डावीकडे बसायचे, अक्का उजवीकडे. अण्णा इंजिन सुरू करून विचारायचे, "पद्मा, कसं येतंय?" आणि अक्का म्हणायच्या, "येतंय हो, पण मागं शिट्टी आहे. बारीक. डासासारखी."

अण्णांना स्वतःला ती ऐकू येत नसे. पण स्वतःच्या कानावर त्यांचा विश्वास नव्हता. ते म्हणत, माझे कान कारखान्यातल्या इंजिनांनी खाल्ले. विश्वास होता तो अक्कांच्या कानावर. अक्का घरी मुलींना गाणं शिकवायच्या. स्वयंपाकघरात फोडणी देता देता बाहेरच्या खोलीतली कुठली मुलगी सुरातून किंचित उतरली ते सांगायच्या. "पद्माचा कान म्हणजे मीटर आहे," असं अण्णा सगळ्यांना अभिमानानं सांगत. मीटरनं शिट्टी आहे म्हटलं, की शिट्टी आहे.

मग शोध सुरू झाला. एका वेळी एक. बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरमुळे रेडिओत शिट्टी येते, हा तर नेहमीचा दोष, म्हणून आधी तो. मग त्याची वायर. मग अर्थिंगच्या सगळ्या वायरी सोडवून एका जागी आणल्या. मग अँटेना पोटाखालून काढून शेपटीकडे नेली. प्रत्येक बदलानंतर रविवारची वाट बघायची, आनेकल गाठायचं, इंजिन लावायचं, अक्कांना विचारायचं. आंब्याचा सीझन अँटेनात गेला, गणपती अर्थिंगमध्ये गेले, संक्रांत कुठल्यातरी फिल्टरमध्ये गेली. तिळगूळ मी त्या शेडमध्येच खाल्ला. असं होता होता वर्षं गेली, आणि अक्कांचं उत्तर तेच.

"शिट्टी तर शिट्टी," मी एकदा चिडून म्हटलं, "उडवून तर बघा."

"नुसतं वर नेऊन काय करू?" अण्णा म्हणाले. "ती बघ तुझी शाळा, ते बघ तळं, हे मी सांगितलेलं तिला ऐकू यायला नको?"



एका रविवारी अक्कांचा गुडघा धरला. पंखावर पाय देऊन चढणं शक्य नव्हतं, म्हणून त्या घरी राहिल्या आणि उजव्या सीटवर मला बसवण्यात आलं. तोच हेडफोन, तीच सीट. अण्णांनी इंजिन लावलं. सगळं विमान थरथरायला लागलं.

"वैशाली, कसं येतंय?"

"स्वच्छ येतंय."

"आणि शिट्टी?"

"कसली शिट्टी?"

त्यांनी इंजिन वाढवलं, कमी केलं, आवाज मोठा केला, दिवे लावले, विझवले. शिट्टी नव्हती. मी आनंदानं टाळ्याच पिटल्या. "अण्णा, झालं की! गेली!"

अण्णांनी इंजिन बंद केलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नव्हता. "आज मी काही बदललेलं नाही," ते म्हणाले. मग पॅनलसुद्धा न उघडता त्यांनी शेडला कुलूप घातलं. मला वाटलं, स्वतः शोधायच्या आधीच बिघाड गेला म्हणून रुसले असतील. इतकी मी हुशार.

पुढच्या रविवारी अक्का आल्या. दहीभाताचा डबा माझ्या हातात देऊन सावकाश चढून बसल्या. अण्णांनी त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला आणि पदर सारखा केला. मी दारापाशी स्टुलावर होते. मला दिसलं की हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नाही. तिचं टोक सीटखाली लोंबतंय. मी उठून सांगायला गेले तर अण्णांनी हातानं मला थांबवलं. इंजिन बंद होतं. बॅटरीसुद्धा काढून बाहेर बाकावर ठेवलेली होती. अण्णांनी पॅनलवरचा एक खटका दाबला, अक्कांकडे वळून बोटानं कान दाखवला आणि म्हणाले, "आता?"

अक्कांनी डोळे मिटले. शिकवताना त्या अशाच डोळे मिटून ऐकायच्या. मग हसून म्हणाल्या, "आहे की. पण आज कमी झालीय हो, स्वल्पच आहे. जमत आलंय तुम्हाला."

कमी झालीय हे त्यांनी अण्णांना बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं, हे मलाही कळलं.

"सरी, बरं," अण्णा म्हणाले, "बघतो." आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन पॅनलखाली शिरले. बराच वेळ ते तिथं होते. स्क्रूड्रायव्हर हलत नव्हता. मी डबा हातात धरून उभी, आणि मला एकेक गोष्ट आठवायला लागली. अक्कांना फ्रीज शिट्टी वाजवतो असं वाटायचं म्हणून अण्णांनी चांगला चालणारा फ्रीज खोलला होता. हल्लीच्या मुली तोंडातल्या तोंडात गातात म्हणून अक्कांनी वर्ग बंद केला होता. आम्ही सगळ्यांनी मुलींनाच नावं ठेवली.

दोघांचेही कान एकदा दाखवून घेऊ, असं सांगून अण्णा अक्कांना डॉक्टरांकडे घेऊन गेले. परत आल्यावर मला जिन्यात गाठलं. अक्कांच्या कानाची नस कमजोर झालीय. शिट्टी कानाच्या आतच आहे आणि ती जाणार नाही. ऐकू येणं कमी होत जाईल, यंत्र लावून काही काळ निभेल. "मी विचारलं, काय बदलता येईल," अण्णा म्हणाले, "तर काहीच नाही म्हणाले. एकसुद्धा नाही."

"अक्कांना सांगितलंत?"

"मळ होता म्हणून सांगितलं."

मला भयंकर राग आला. असं कुणी खोटं बोलतं का, त्यांना कळायला नको का, असं मी बरंच बोलले. अण्णांनी ऐकून घेतलं. "सांगीन की. यंत्र लावायचं तेव्हा सांगावंच लागेल. पण आता सांगितलं तर ती काय म्हणेल ठाऊक आहे? माझ्यापायी तुमची एवढी वर्षं गेली म्हणेल. त्यापेक्षा थोडे दिवस रेडिओच बिघडलेला राहू दे."

"मग विमान तरी उडवा. ते तर चांगलं आहे."

"हेडफोन घातला की तिला शिट्टीच ऐकू येते गं. त्यात माझं कुठलं ऐकू येणार?"

वर येऊन मी दार लावलं आणि रडले. अण्णांसाठी की अक्कांसाठी ते सांगता येणार नाही.

त्यानंतर काही दिवसांनी सकाळी खालच्या न्हाणीघरातून एका अनोळखी माणसाचा आवाज यायला लागला. जाड, खर्जातला. मला वाटलं कुणी पाहुणा उतरलाय. दोन-तीन दिवसांनी मी विचारलं तर अण्णा ओशाळले. डॉक्टर म्हणाले होते की बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज जास्त दिवस ऐकू येतात. अण्णांचा मूळचा आवाज अगदी किनरा, फोनवर लोक त्यांना बाई समजतात. म्हणून ते रोज अंघोळीच्या वेळी जाड आवाजात बोलायचा सराव करत होते.

पुढच्या रविवारी ते इंजिन लावायच्या भानगडीत पडलेच नाहीत. दोघं नुसतेच विमानात बसले होते, हेडफोन न घालता. समोर शेडचा गंजका पत्रा. अण्णा त्या पत्र्याकडे बोट करून घोगऱ्या, ओढूनताणून काढलेल्या आवाजात सांगत होते, "ती बघ पद्मा, तुझी शाळा. आणि ते डावीकडे, ते तळं."

अण्णांनी बोट दाखवलं तिकडे अक्कांनी नीट बघून घेतलं. मग काळजीनं त्यांच्याकडे वळल्या. "अहो, घसा बसला काय तुमचा? घरी गेल्यावर मिरी-गूळ देते."

"सरी," अण्णा त्याच आवाजात म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा तळं दाखवलं.