फक्त दोन कॉम्प्युटर हळू करून दे!

आमच्या ऑफिसच्या नेटवर्कमध्ये माझ्याशिवाय पानही हलत नाही! पूर्वी माझ्या असण्यानंही हलत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. सकाळी पासवर्ड टाकावा आणि खुशाल उठून पाय मोकळे करावेत. पडद्यावरचं ते वर्तुळ रिकाम्या जात्यासारखं गरगरत राहायचं, पीठ म्हणून पडायचं नाही!

एकदा साहेब कडाडले, "आपण घरांचे नकाशे काढतो की ध्यानाचे वर्ग चालवतो?"

"उद्या सकाळी बघा साहेब!" मी छाती फुगवली. "बोट उचलायच्या आत कॉम्प्युटर हजर!"

आणि दुखणं सापडलं की! आमचा सर्व्हर रोज सकाळी प्रत्येक कॉम्प्युटरला एका जुन्या प्रिंटरशी जोडून घ्यायला सांगायचा. तो प्रिंटर केव्हाच भंगारात गेलेला! पण हे कॉम्प्युटरांना कळवणार कोण? ती भाबडी लेकरं त्याला हाका मारायची, ओ येईना म्हणून थांबायची, पुन्हा हाक मारायची. घसा बसला की मगच कामाला लागायची. मला गलबलून आलं. मन घट्ट करून मी सर्व्हरमधली ती हुकमाची ओळ पुसून टाकली.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर असे उघडले, जशी वाऱ्यानं धाडकन उघडावी खिडकी! साहेबांनी पाठ थोपटली. मी आणखी कौतुकाची वाट बघत बसलो.

आले कोण, तर आमचे अकाउंटंट! हिशेबात इतके काटेकोर, की सगळे त्यांना दशांश म्हणतात. तोंड सुतकी!

"काय केलंस हे?"

"का? सुरू होत नाही?"

"होतो रे! लगेच होतो! तेच तर!" त्यांनी आवाज खाली आणला. "ते वर्तुळ फिरायचं, तेव्हा मी आणि नकाशावाल्या मॅडम खिडकीपाशी चहा घ्यायचो. एरवी त्यांची मान कागदातून वर होते का? आता विचारणारच होतो..."

"काय?"

"काय म्हणजे? लग्नाचं!"

"मग जेवणाच्या सुट्टीत विचारा."

"तेव्हा सगळं ऑफिस कानांनी जेवतं! ऐक ना माझ्या राजा, फक्त दोन कॉम्प्युटर हळू करून दे. त्यांचा आणि माझा."

आता सांगा, अशा वेळी दगड तरी नाही म्हणेल का? त्या दोघांच्या कॉम्प्युटरांपुरती मी ती ओळ परत घातली.

सकाळी दशांश दोन कप घेऊन खिडकीपाशी उभे, जसा काही चंद्र उगवायचाय! आणि मॅडम? तरातरा साहेबांच्या केबिनमध्ये!

"सगळ्यांचे सुरू झाले, माझाच का नाही? काल तर चालत होता!"

माझ्या नावानं हाक आली. खरं सांगावं, तर दशांशांची लाज चव्हाट्यावर! मी डॉक्टरसारखा चेहरा केला. "साहेब, हे मशीनच थकलंय. आता त्याला औषध नाही."

"तुझं कसं चालतंय?"

"माझं? विजेसारखं!" मी बोलून बसलो.

"छान! मग तुझं मॅडमना दे. थकलेलं तू घे, तुला त्याचा स्वभाव माहीत आहे."

झालं! आता ती ओळ पुसायचीही सोय नाही. थकलेलं मशीन रातोरात तरणं कसं झालं, हे साहेबांना काय सांगू? रोज सकाळी खिडकीपाशी आम्ही दोघं उभे. दशांश आणि मी. मॅडम समोर, पाठमोऱ्या, नकाशात बुडालेल्या.

"आज विचारू?" दशांश कुजबुजतात.

"विचारा की!"

"नको. उद्या."

परवा तर मॅडम आपण होऊन उठल्या, आमच्याकडे आल्या! दशांश दोन्ही कप सावरत ताठ उभे राहिले.

"किती हाल हो तुमचे! साहेबांना सांगून दोघांना नवे कॉम्प्युटर मागू का?"

"नको!" आम्ही एका सुरात ओरडलो.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि हसल्या. "राहिलं! तुमचं दोघांचं छान जमलंय, मी कशाला मध्ये येऊ?"

त्या गेल्या. दशांशांनी दुसरा कप माझ्या हातात दिला. चहा अजून मॅडमच्या आवडीचाच करतात, बिनसाखरेचा. मला खरं तर दोन चमचे साखर लागते. पण त्यांचा तो चेहरा बघून साखर मागवत नाही हो!