कौमुदीच्या स्वतंत्र निर्णयाची समिती

चेन्नईजवळच्या आवडी गावातल्या संरक्षण कारखान्यात तपासणी अधिकारी असलेले विद्याधर आगटे यांनी एका रविवारी जेवताना जाहीर केलं, की त्यांची मुलगी कौमुदी हिने पुढे कुठे शिकावं हा निर्णय सर्वस्वी तिचा आहे. त्यात कोणीही हस्तक्षेप करणार नाही. तसा तो होऊ नये यावर देखरेख ठेवण्यासाठी त्यांनी त्याच संध्याकाळी एक समिती नेमली.

कौमुदीला अमेरिकेतल्या दोन लिबरल आर्ट्स कॉलेजांनी भरघोस शिष्यवृत्ती देऊन प्रवेश दिला होता. त्यामुळे पैशाचा प्रश्न मिटला आणि मतांचा उभा राहिला. कॉलेजांची नावं घरात कोणाला धड उच्चारता येईनात, म्हणून एकाला टेकडीवरचं आणि दुसऱ्याला तळ्याकाठचं म्हणायचं ठरलं.

शेजारच्या अलमेलू मामी 'आर्ट्स' हा शब्द ऐकून रसमचं पातेलं घेऊन समाचाराला आल्या.

"इंजिनिअरिंगची सीट मिळाली नाही?" त्यांनी कौमुदीच्या आईला, जयवंतीला, हलक्या आवाजात विचारलं.

"मिळत होती मामी. हीच नको म्हणाली."

हे ऐकून मामींना जास्तच वाईट वाटलं. पातेलं ओट्यावर ठेवून त्या समितीत येऊन बसल्या. जयवंतीचा भाऊ मकरंद इरुंगाट्टुकोट्टैच्या सुट्या भागांच्या कारखान्यातून थेट आला होता.

"चार वर्षांनी या कॉलेजातून नक्की काय तयार होऊन बाहेर पडतं?" त्याने विचारलं.

"माणूस," कौमुदी म्हणाली.

"ते झालं गं. पण कुठे बसवायचा?"

कौमुदीला बेडकांचा अभ्यास करायचा होता, तत्त्वज्ञानही वाचायचं होतं, आणि दोन्हींची सांगड कशी घालायची हे तिला ठाऊक नव्हतं. तेच शोधायला तिला जायचं होतं. "मी बोलू का?" तिने विचारलं.

"तूच तर बोलणार आहेस," विद्याधर समजुतीने म्हणाले. "शेवटी. आधी सगळ्यांचे अभिप्राय येऊ देत. म्हणजे तुला स्वतंत्र विचार करायला सोपं जाईल."

अभिप्राय आले. जयवंतीचं मत टेकडीला पडलं, कारण तिथून दोन तासांवर नागपूरचं एक कुटुंब राहत होतं. तळ्याकाठी थंडीत दही लागत नाही असं मामींनी भाच्याकडून ऐकलं होतं. मकरंदने दोन्ही कॉलेजं नापास केली आणि कोइंबतूरचं एक तिसरंच सुचवलं. तिथे कौमुदीने अर्जही केला नव्हता, पण ते वादात नसल्यामुळे बराच वेळ आघाडीवर राहिलं.

शेवटी दोन्ही कॉलेजांशी व्हिडिओवर बोलायचं ठरलं. कौमुदीला फोनच्या जरा मागे बसवलं, म्हणजे तिच्यावर दडपण येणार नाही.

"चार वर्षांनी आमची मुलगी काय होईल?" विद्याधरांनी आधी टेकडीला विचारलं.

टेकडीवरच्या बाईंनी तक्ते दाखवले. मुलगी जागतिक नेतृत्व करील, बदलाची वाहक होईल, आणि या दोन्ही गोष्टींसाठी तिला वसतिगृहात वेगळी खोली मिळेल. समितीने माना डोलावल्या. मकरंदने तर तक्त्याचा फोटो काढून घेतला.

तळ्याकाठून एक म्हातारे प्राध्यापक आले. स्वेटरची बटणं वरखाली लागली होती. तोच प्रश्न ऐकून त्यांनी बराच विचार केला.

"माहीत नाही," ते म्हणाले. "तिला काय वाटतं?"

तिला काय वाटतं, हे समितीकडे उपलब्ध नव्हतं.

"तयारी न करता बसलाय," फोन बंद झाल्यावर मकरंद म्हणाला. तळं एकमताने बाद झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना कौमुदीने सांगितलं, की तिने तळ्याकाठच्या कॉलेजला होकार कळवून टाकला आहे.

"कोणाला विचारून?" विद्याधरांचा कप हवेतच राहिला.

"तुम्हीच म्हणालात ना, निर्णय माझा आहे."

"अगं, पण म्हणून काय लगेच घ्यायचा? आणि त्या माणसाला तर काहीच माहीत नाही."

"हो, पण 'माहीत नाही' असं ते म्हणाले तरी, बाबा. आपल्याकडे कोणी म्हणत नाही. मामींनासुद्धा तिथलं दही माहीत आहे."

विद्याधर दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये त्यांचे सहकारी मधुसूदन भेटले. "सर, मुलीने स्वतःच ठरवलं म्हणे. आमचा मुलगा शर्टसुद्धा आईला विचारून घालतो. तुम्ही कसं जमवलंत हे?"

विद्याधरांनी पाठ सरळ केली. "वळण लावावं लागतं," ते म्हणाले. "लहानपणापासून."

त्या संध्याकाळी त्यांनी कौमुदीच्या निर्णयाला कार्योत्तर मंजुरी दिली आणि स्वतः जाऊन तिच्यासाठी जाड लोकरीचे मोजे आणले. चेन्नईत ते मिळवायला त्यांना पाच दुकानं हिंडावी लागली. मोजे पायात घालून ती घरभर घसरत फिरली, तेव्हा ते हसले आणि खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले.

ऑगस्टमध्ये कौमुदी गेली. तिचे फोन येतात. बेडूक मजेत आहेत, आणि दही लागतं.

विद्याधर आता दर रविवारी कारखान्याच्या क्वार्टर्सच्या सभागृहात 'मुलांना स्वतंत्र निर्णय घ्यायला कसं लावावं' हा वर्ग घेतात. शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शोळिंगनल्लूरहूनसुद्धा पालक येतात आणि मुलांनी कोणता स्वतंत्र निर्णय घ्यायचा ते लिहून नेतात. पुढच्या तुकडीत थोड्या जागा आहेत. तुम्ही आपल्या मुलाचं नाव आजच घालून टाका. त्याला विचारायची गरज नाही. तुम्हाला माहीतच आहे तो काय म्हणेल.