वालूरच्या पुलाचं कुलूप

मन्मथअप्पा एकदा एक कुलूप काढायला परभणीहून एसटीनं पालमला गेले होते. कुलूप कम्प्युटरमधलं होतं, पडलं होतं परभणीत, आणि किल्लीही परभणीतच, अप्पांच्या टेबलावर होती. तरी अप्पा गेले आणि संध्याकाळी धुळीनं माखून, मोठ्या समाधानानं परत आले.

आमची कंपनी रस्ते आणि पूल बांधते. कोणतं काम कधी सुरू करायचं, कधी संपवायचं, कुठं किती माणसं आणि किती खडी लागणार, हे सगळे प्लॅन ऑफिसच्या एका सर्व्हरवर असतात. त्या सर्व्हरचे मालक, डॉक्टर आणि वॉचमन सगळं काही अप्पा. कपाळावर विभूतीचे पट्टे, खिशात चष्म्याचं घर. एखाद्यानं प्लॅन उघडला की तो त्याच्या नावानं कुलूपबंद होतो. त्यानं मिटवेपर्यंत बाकीच्यांनी नुसता बघायचा. लोक उघडतात आणि विसरून जातात. अशा वेळी ॲडमिननं एक बटण दाबलं की कुलूप तुटतं. जगातले सगळे ॲडमिन ते दाबतात. अप्पा दाबत नसत.

"जबरदस्ती न्हाई करायची, राव. ज्याचं कुलूप त्यानं काढावं," असं त्यांचं म्हणणं. मग फोन करायचा, आणि फोन नाही लागला तर एसटी धरायची. पालमचा तो इंजिनिअर मोबाइल बंद करून साइटवरच्या खोलीत झोपला होता. अप्पांनी त्याला उठवलं, चहा पाजला आणि त्याच्याच हातानं प्लॅन मिटवून घेतला. बोरीच्या एका सुपरवायझरला तर त्यांनी बहिणीच्या हळदीतून बाहेर बोलावलं होतं. लॅपटॉपची बटणं पिवळी झाली, पण कुलूप निघालं.

एरवी माणूस नियमाला भलताच कडक. कुणी कंपनी सोडली की त्याच दिवशी त्याचं खातं बंद. आमचे आधीचे मोठे साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या गळ्यात हार पडत असतानाच अप्पा मागून उठले आणि खातं बंद करून आले. साहेबांनी निरोपाचं भाषण नेमकं सर्व्हरवरच ठेवलं होतं. बिचाऱ्यांना मग मनानं बोलावं लागलं, आणि मनानं ते बरंच बरं बोलले.

म्हणूनच वालूरच्या पुलाचं मला नवल वाटायचं. तो प्लॅन महेश नावाच्या कुणाच्या तरी नावावर कुलूपबंद होता. महेश मी नोकरीला लागण्याआधीच कंपनी सोडून गेलेला, तरी त्याचं खातं चालू. अप्पांनी प्लॅनची दुसरी प्रत काढून दिली आणि तिच्यावर काम पुढं गेलं. पूल बांधून झाला, वरून एसटी धावायला लागली, पण सर्व्हरवरच्या मूळ प्लॅनमध्ये अजून पाया खणणंच चालू होतं. दर सोमवारी जेवण झालं की अप्पा या महेशला फोन लावत. माझं टेबल शेजारीच. "वालूरचा प्लॅन तुमच्या नावावर अडकलाय, तेवढा मिटवा," असं कोरडं, सरकारी बोलणं. पलीकडून काहीतरी सबब यायची. "बरं, बघा सवडीनं," असं म्हणून अप्पा आवाज खाली आणत आणि विचारत, "जेवलास का?" मी त्यांची यावरून भरपूर थट्टा केली. असा कोण हा तुमचा लाडका थकबाकीदार, म्हणून. अप्पा नुसते चष्मा पुसायचे.

मग यंदा जुना सर्व्हर काढून नवीन सिस्टीम आणायचं ठरलं. त्यासाठी पुण्याहून एक मुलगी आली. सगळी कुलपं निघाल्याशिवाय प्लॅन हलवता येणार नाहीत, असं तिनं सांगितलं. बाकीची निघाली. एक राहिलं. नवे साहेब म्हणाले, उद्या तोडून टाका.

त्या दुपारी अप्पा मी न विचारताच बोलायला लागले. महेश त्यांचा मुलगा. इथंच प्लॅनिंगला होता. एकदा जुन्या साहेबांना वालूरचा प्लॅन तातडीनं हवा होता, महेश साइटवर, प्लॅन त्याच्याकडे उघडा. अप्पांनी बटण दाबलं. महेशनं आठवडाभर खपून भरलेलं काम अजून सर्व्हरवर पोचायचं होतं, कुलूप तुटताच ते सगळं पुसलं गेलं.

"परक्याचं असतं तर फोन केला असता, राव. घरचाच पोरगा म्हणून इचारलं बी न्हाई."

महेशनं आवाजही चढवला नाही. सगळं पुन्हा भरलं, सर्व्हरवर पोचतं केलं, प्लॅन तसाच उघडा ठेवला आणि पुण्याला निघून गेला. ऐकून मला माझी सगळी थट्टा आठवली आणि फार वाईट वाटलं.

अप्पांनी माझ्यासमोरच फोन लावला. या वेळी 'तुमी' नव्हतं. "उद्या कुलूप तोडणार हायत. तुझं काई ऱ्हायलं असंल तर काढून घे," एवढंच म्हणाले. पलीकडून बटणं दाबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं अप्पांच्या स्क्रीनवरचं महेशचं नाव गेलं. त्यानं पुण्यात बसून प्लॅन मिटवला होता. त्याला लागलं असेल मिनिटभर. कुठल्याही सोमवारी झालं असतं ते काम. त्यानंही ते कुलूप जपूनच ठेवलं होतं, हे अप्पांच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं.

"झालं का?" फोनमधून आवाज आला.

"झालं," अप्पा म्हणाले. फोन बंद झाला.

नवीन सिस्टीम सुरू झाली. तिच्यात एका प्लॅनवर सगळ्यांना एकाच वेळी काम करता येतं, कुलूप पडतच नाही. ऑफिस खूश आहे. सोमवारी जेवण झाल्यावर अप्पांनी सवयीनं फोन हातात घेतला आणि तसेच बसून राहिले.

"आता काय म्हणून लावू, राव?"

मी म्हणालो, बाप म्हणून लावा.

"तसा कदी लावलाच न्हाई," ते म्हणाले. मग त्यांनी फोनच्या रिंगचा आवाज पूर्ण वाढवला, वाढलाय ना ते कानाशी धरून पाहिलं, आणि तो खिशात न ठेवता टेबलावर, समोर ठेवला.