मुलीचे मामा डावीकडून येतात

एका जंगलात, पोरांनो, गुणाजी नावाचं एक अस्वल होतं आणि त्याला गाडी चालवता येत होती. निदान ते तसं सांगायचं.

गेंड्याच्या शिकवणीत गुणाजी अकरा दिवस तळ्याभोवती गाडी फिरवायला शिकला. तळ्याकाठचा रस्ता सारखा डावीकडे वळायचा. त्यामुळे गुणाजीला डावीकडेच वळता यायचं. उजवीकडे जायचं असलं की तो तीनदा डावीकडे वळे आणि वर मिशीला पीळ देई.

अशात बहिणीचा निरोप आला. "दादा, तुझ्या भाचीचं लग्न. मुहूर्त बारा सातचा. मुलीच्या पाठीशी मामाच लागतो. चालत ये, पण वेळेवर ये."

ते 'चालत' गुणाजीला फार लागलं. त्यानं नवी गाडी काढली. चाकाखाली लिंबू चिरडायचं होतं. लिंबू राहिलं, मागचं सशाचं कुंपण चिरडलं. बायको मथुरा आहेराचं पातेलं मांडीवर घेऊन मागे बसली होती. तिनं पातेलं तेवढं घट्ट धरलं. सवय होती.

वडापाशी रस्ता फुटला. बहिणीचं वरचं रान उजवीकडे. गुणाजीनं उजवा दिवा लावला, तर वायपर नाचायला लागले. आणि गाडी वळली डावीकडे.

"अहो, उजवीकडे."

"तिकडेच चाललोय. अजून दोन डावी राहिलीत."

दुसऱ्या वळणावरच लग्नाची कमान आली. आत कर्णा ठणाणत होता, "मुलीच्या मामांनी असतील तिथून बोहल्यापाशी यावं. बारा पाच झालेत."

"बघ, तिसरं लागलंच नाही," गुणाजी म्हणाला आणि ब्रेक समजून भलतंच काही दाबलं. कमान गळ्यात घालून गाडी थेट बोहल्याला टेकली.

"आले, मामा आले."

कुणी फेटा बांधला, कुणी त्याला नवरीमागे उभं केलं. गुणाजीनं मायेनं तिच्या खांद्यावर पंजा ठेवला. पंज्यात सात काटे घुसले. नवरी साळिंदर होती.

"भटजी," तो बगळ्याच्या कानाशी कळवळला, "ही माझी भाची नव्हे."

"कुणाचे तरी मामा आहात ना? मग गप उभे राहा. मुहूर्त टळतोय."

गुणाजीला रडू फुटलं. तिकडे आपली पोर मामाविना ताटकळली असेल. पाहुणे म्हणाले, मामा भारी हळवा.

अक्षता पडताच तो निसटला. पंजा चोखत उरलेलं तिसरं डावं वळण घेतलं आणि खरंच वरच्या रानात पोचला.

पहिली पंगत बसली होती. बहिणीशेजारी फेटा बांधलेलं एक म्हातारं साळिंदर जिलबी खात होतं.

"बारा पाचला आले बिचारे," बहीण म्हणाली. "कोण, कुठले, विचारायला वेळ कुणाला होता? तू बस दुसऱ्या पंगतीला."

"पोरीला काटे टोचले असतील गं."

"अस्वलाची लेक आहे. तिला काय कळतंय एवढ्या केसांत."

साळिंदर ओशाळलं. "मला उजवीकडेच वळता येतं हो. गेंड्याकडे मी संध्याकाळच्या बॅचला होतो. ती उलटी फिरते."

तात्पर्य: योग्य ठिकाणी उशिरा जाऊ नका, पोरांनो. चुकीच्या ठिकाणी वेळेवर जा. फेटा तिथंच मिळतो.