घुबडाचा हवापालट

संग्रहालयातल्या पेंढा भरलेल्या घुबडाला कसर लागली, म्हणून तिथल्या कारागिराने ते दुरुस्तीसाठी घरी आणलं. बायकोने दारातच अडवलं. "मेलेलं जनावर घरात नको!" मग बिचाऱ्याने औषध लावून ते चौथ्या मजल्याच्या गॅलरीत कठड्यावर वाळत ठेवलं आणि जरा आडवा झाला.

जाग आली ती गलक्यानं. खाली शंभरेक माणसं माना वर करून उभी होती. समोरच्या शिक्षिकाबाईंनी घुबड पाहून थेट संग्रहालयाला फोन लावला होता आणि तिथले साहेब दुर्बीण घेऊन हजर झाले होते. आजवर त्यांचं व्याख्यान फक्त पहारेकऱ्याने ऐकलं होतं, तेही नाइलाजाने. आज त्यांना नुसतं उधाण आलं होतं.

"आपल्याच वस्तीत राहतं हे! एक घुबड वर्षाला शेकडो उंदीर फस्त करतं. बघा, दिवसा कसं स्तब्ध बसलंय!"

"पापणी पण लवत नाही हो त्याची," शिक्षिकाबाई म्हणाल्या.

"सावध आहे! आपल्याला जोखतंय."

वर कारागिराला घाम फुटला. खरं सांगावं तर चारचौघांत साहेबांची शोभा. रोज त्याच घुबडासमोरून ते कचेरीत जात! तो गुडघ्यांवर सरपटत कठड्यापाशी गेला आणि घुबड हळूच आत ओढू लागला.

"अहो, हात लावू नका, उडेल ते!" साहेब खालून ओरडले.

तो दचकला. शेपूट हातात राहिलं आणि घुबड सुटलं ते थेट साहेबांच्या पायाशी. पोट फुटून पेंढा बाहेर आला.

मग एका आजींनी वाकून विचारलं, "हे आतून गवताचंच असतं का हो?"

साहेबांनी खाली पाहिलं, वर पाहिलं. वर कारागीर शेपूट धरून उभा. 'गेली नोकरी,' तो मनात म्हणाला.

साहेब खाकरले. "हे आमचं... फिरतं प्रदर्शन. आता आतली रचना समजावून सांगतो."

रविवारी संग्रहालयात पाय ठेवायला जागा नव्हती. कारागीर मात्र शिव्या खायच्या तयारीने कोपऱ्यात उभा होता. तेवढ्यात त्याच्या इमारतीचे सेक्रेटरी सह्यांचा कागद घेऊन आले.

"साहेब, घुबड होतं त्या दुपारी एकही कबूतर फिरकलं नाही. आठवड्यातून दोन दिवस द्याल का?"

साहेबांनी कागदाची घडी करून खिशात घातली. मग कारागिराला जवळ बोलावून हळूच म्हणाले, "उद्यापासून ससाणा पण दुरुस्तीला घ्या. माझ्या गॅलरीत वाळवू."